कोल्हापूरचा मसाला निपाणीला का जात नाही

मार्च-एप्रिलमध्ये आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या मिरची कांडपासमोर सकाळपासून डब्यांची रांग लागते आणि संध्याकाळपर्यंत तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला ठसका लागतो. माझ्याकडे करविषयक कामासाठी येणाऱ्या एक मावशी याच दिवसांत वर्षभराचा कांदा-लसूण मसाला करून ठेवतात. तिखटपणासाठी संकेश्वरी मिरची, रंगासाठी ब्याडगी, सुके खोबरे, धने, तीळ, आणि उन्हात खडखडीत वाळवलेला कांदा. पूर्वी त्या ओळखीच्या घरांत आणि दोन-तीन किराणा दुकानांत मसाला देत असत. नंतर त्यांच्या मुलाने तो एका ऑनलाइन बाजारपेठेवर विकायला ठेवला. वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या जवळपासही जात नसल्यामुळे त्यांना जीएसटी नोंदणीची गरज नव्हती, म्हणून मीच त्यांना पॅनच्या आधारे पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक काढून दिला होता. काही महिन्यांनी त्या कार्यालयात आल्या आणि मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "दादा, माझ्या भाचीनं निपाणीचा पत्ता टाकला की 'या ठिकाणी उपलब्ध नाही' असं येतंय. गडचिरोलीला पार्सल जातंय, आन् निपाणीला जात न्हाई? निपाणी काय परदेश हाय व्हय?"

कोल्हापूरहून निपाणी जेमतेम ४० किलोमीटर आहे. कागल मागे टाकले, दूधगंगा ओलांडली, कोगनोळीचा नाका गेला की निपाणी येते. तिथल्या घराघरांत मराठी बोलली जाते आणि लग्नसराईच्या खरेदीला लोक कोल्हापुरात येतात. पण निपाणी कर्नाटकात आहे, आणि मावशींचा अडथळा नेमका तेवढाच आहे. मला जास्त लागली ती गोष्ट वेगळी. ज्या संकेश्वरी मिरचीचा हा मसाला होतो ते संकेश्वर बेळगाव जिल्ह्यात आहे आणि ब्याडगी हावेरी जिल्ह्यात. मिरची सीमा ओलांडून कोल्हापुरात येते, तिच्यावर ५ टक्के कर भरला जातो, आणि तिचाच मसाला होऊन परत सीमेपलीकडे जायचे म्हटले की कायदा मावशींना थांबवतो.

मी गेली २२ वर्षे कोल्हापुरात करसल्लागार म्हणून काम करतो आहे. विक्रीकर, मूल्यवर्धित कर आणि आता वस्तू व सेवा कर अशा तिन्ही राजवटींत मी विवरणपत्रे भरली आहेत. ऑनलाइन आणि सीमापार खरेदीवरचा कर हा विषय मोठ्या कंपन्यांचा आणि वकिलांचा आहे असे बहुतेकांना वाटते, पण माझ्या अनुभवाने त्याचा खरा भार सर्वांत लहान विक्रेत्यावर पडतो. तो कसा पडतो हे मला नीट सांगायचे आहे.

नियम असा आहे. वस्तू विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल महाराष्ट्रात ४० लाखांपर्यंत असेल तर त्याला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. पण कायद्याच्या कलम २४ नुसार जो कोणी करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकतो त्याला ही मर्यादा लागूच होत नाही. पहिल्या रुपयाच्या विक्रीपासून त्याने नोंदणी घेतली पाहिजे. ऑनलाइन बाजारपेठेतून विकणाऱ्यांवर तर आधी राज्यांतर्गत विक्रीसाठीही हीच सक्ती होती. ती १ ऑक्टोबर २०२३ पासून सैल झाली, आणि तेव्हापासून मावशींसारख्या विक्रेत्यांना नोंदणीशिवाय ऑनलाइन विकता येऊ लागले, मात्र एकाच राज्यातून आणि त्याच राज्याच्या आत. म्हणून बाजारपेठेची संगणकप्रणाली निपाणीचा पिनकोड दिसताच मागणी नाकारते. त्यात त्या कंपनीची काही चूक नाही. ती कायदा पाळते आहे.

आता याच्या शेजारी दुसरा नियम ठेवून पाहा. ऑक्टोबर २०१७ मध्ये सेवा देणाऱ्यांना आंतरराज्य व्यवहारासाठी २० लाखांपर्यंत नोंदणीतून सूट मिळाली. माझ्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक तरुण संकेतस्थळांची रचना करून देतो. त्याचे ग्राहक बेंगळुरू, हैदराबाद, इंदूर असे सगळीकडे आहेत, आणि त्या मर्यादेच्या आत तो नोंदणीशिवाय निश्चिंतपणे काम करू शकतो. अधिसूचित हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्या कारागिरांनाही अशीच सवलत आहे. मसाला मात्र हस्तकलेत बसत नाही. दहा बोटे तिखटाने भाजून घेणाऱ्या बाईचे काम हाताचे नाही, असे मला तरी म्हणवत नाही.

हे असे का झाले हे समजायला हा कर कुणाचा, इथून सुरुवात करावी लागते. जीएसटी हा उपभोगाच्या ठिकाणाचा कर आहे. माल जिथे वापरला जाणार त्या राज्याला राज्याचा वाटा मिळतो. पण कर गोळा करून भरण्याचे काम विक्रेत्याकडे असते, आणि तो असतो दुसऱ्याच राज्यात. दुकानात समोरासमोर विक्री होते तेव्हा हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. मावशींची तीच भाची निपाणीहून एसटीने कोल्हापुरात आली, तिने मावशींकडून रोख पैसे देऊन दोन किलो मसाला घेतला आणि बिलावर तिचा पत्ता लिहिला गेला नाही, तर कायद्याच्या दृष्टीने ती विक्री कोल्हापुरातलीच ठरते. तीच भाची घरी बसून मोबाइलवरून तोच मसाला मागवते तेव्हा माल निपाणीत पोहोचवला जातो, म्हणून विक्री कर्नाटकातली ठरते. मसाला तोच, माणसे तीच, किंमत तीच. कर कुणाचा हे पत्त्याच्या एका ओळीवर ठरते.

ती ओळसुद्धा नेहमी सरळ नसते. बेंगळुरूत नोकरी करणारा मुलगा साताऱ्यात राहणाऱ्या आईसाठी मिक्सर मागवतो. बिल त्याच्या बेंगळुरूच्या पत्त्यावर आणि माल साताऱ्याला. कर कर्नाटकाचा की महाराष्ट्राचा? यावर व्यापाऱ्यांमध्ये आणि अधिकाऱ्यांमध्येही मतभेद होते. शेवटी जून २०२४ मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने परिपत्रक काढून सांगितले की अशा वेळी माल जिथे पोहोचतो तोच पत्ता धरायचा. तोपर्यंतच्या काळात ज्यांनी चुकीचे राज्य धरले त्यांचे काय झाले असेल याची कल्पना मला आहे, कारण आंतरराज्य व्यवहार राज्यांतर्गत समजून चुकीच्या खात्यात भरलेला कर आपोआप योग्य खात्यात वळत नाही. योग्य खात्यात तो नव्याने भरावा लागतो आणि आधी भरलेल्या रकमेचा परतावा वेगळा मागावा लागतो. व्याज लागत नाही हे खरे, पण दोनदा पैसे गुंतवण्याची ऐपत प्रत्येक छोट्या दुकानदाराची नसते.

हा पेच इंटरनेटमुळे जन्माला आला असे नाही. आपल्याकडे तो ७० वर्षांपूर्वीच उभा राहिला होता, आणि त्याची सुरुवात मुंबईत झाली होती. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८६ मध्ये एक स्पष्टीकरण होते, की ज्या राज्यात माल उपभोगासाठी प्रत्यक्ष पोहोचवला जातो तिथेच विक्री झाली असे समजावे. तेव्हाच्या मुंबई राज्याने १९५२ साली केलेल्या विक्रीकर कायद्याला मुंबईतल्या मोटार व्यापाऱ्यांनी आव्हान दिले. तो खटला युनायटेड मोटर्स या नावाने ओळखला जातो. १९५३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितले की माल पोहोचतो ते राज्य आंतरराज्य विक्रीवरही कर लावू शकते. परिणाम असा झाला की एका शहरात बसून देशभर माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला, जिथे त्याचे कार्यालय नाही, गोदाम नाही, एजंटही नाही, अशा राज्यांतून नोंदणीच्या आणि विवरणपत्रांच्या नोटिसा येऊ लागल्या. लस आणि औषधे बनवणाऱ्या कलकत्त्याच्या बेंगॉल इम्युनिटी कंपनीला बिहार सरकारने अशीच नोटीस दिली होती. कंपनी न्यायालयात गेली आणि १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ अशा बहुमताने आपलाच दोन वर्षांपूर्वीचा निर्णय फिरवला. पुढच्याच वर्षी सहावी घटनादुरुस्ती झाली, केंद्रीय विक्रीकर कायदा आला, आणि आंतरराज्य विक्रीवरचा कर ज्या राज्यातून माल निघतो त्याच राज्याने गोळा करायचा असे ठरले.

माझ्या व्यवसायाची पहिली वर्षे याच कायद्यात गेली. 'सी' फॉर्म हा शब्द जुन्या व्यापाऱ्यांपुढे आजही उच्चारला तर त्यांच्या चेहऱ्यावर आठ्या पडतात. समोरच्या राज्यातल्या खरेदीदाराने तो छापील फॉर्म आणून दिला तर सवलतीचा दर, नाही दिला तर पूर्ण दर, आणि त्या एका कागदासाठी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार. पण विक्रेत्याच्या दृष्टीने त्या व्यवस्थेत एक सोय होती: कर आपल्याच राज्यात, आपल्याच ओळखीच्या कार्यालयात भरायचा.

पुढे ऑनलाइन खरेदी वाढली तेव्हा ही सोय उपभोगाच्या राज्यांना टोचू लागली. माल आपल्या लोकांच्या घरी येतो आणि कर मात्र गोदाम असलेल्या राज्याला जातो, ही त्यांची तक्रार रास्तच होती. २०१५-१६ च्या सुमारास उत्तराखंड, बिहार अशा राज्यांनी ऑनलाइन मागवलेल्या मालावर प्रवेश कर लावला. मुंबईच्या वेशीवर हे काम जकात करतच होती. मुलुंड आणि दहिसरच्या नाक्यांवर मालमोटारींच्या ज्या रांगा लागत त्या अनेकांना आठवत असतील. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ते नाके बंद झाले. जकातीचा त्रास मी विसरलेलो नाही, पण करवसुलीच्या दृष्टीने तिच्यात एक गोष्ट स्पष्ट होती. माल कुठल्या हद्दीत शिरला हे नाक्यावर डोळ्यांनी दिसत असे. आता माल कुठल्या हद्दीत जातो हे विक्रेत्याने स्वतः बिलावर लिहायचे, आणि चुकले तर जबाबदारीही त्याचीच.

अमेरिकेत हाच वाद जवळजवळ त्याच शब्दांत झाला हे वाचले तेव्हा मला फार आश्चर्य वाटले. १९९२ साली क्विल नावाच्या, कॅटलॉगवरून कार्यालयीन साहित्य विकणाऱ्या कंपनीच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्या राज्यात विक्रेत्याचे प्रत्यक्ष अस्तित्व नाही ते राज्य त्याला विक्रीकर गोळा करायला भाग पाडू शकत नाही. २१ जून २०१८ रोजी साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी तो निर्णय रद्द झाला. साउथ डकोटामध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, त्यामुळे विक्रीकरावर त्या राज्याची भिस्त मोठी आहे. पण त्या राज्याच्या कायद्यात एक महत्त्वाची अट होती, आणि न्यायालयाने तिची दखल घेतली: वर्षाला १ लाख डॉलरहून अधिक विक्री किंवा किमान २०० व्यवहार असतील तरच बाहेरच्या विक्रेत्याने कर गोळा करायचा. पुढे २०२३ मध्ये त्या राज्याने व्यवहारांच्या संख्येची अटही काढून टाकली. राज्य विक्रीकर असलेली ४५ राज्ये, त्यांच्या आत हजारो शहरे आणि जिल्ह्यांचे वेगवेगळे दर, असा तिथला गुंता आपल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. तरीही लोणची विकणाऱ्या तिथल्या एखाद्या गृहिणीला शेजारच्या राज्यात दोन बरण्या पाठवल्या म्हणून पहिल्या डॉलरपासून तिथे नोंदणी करावी लागत नाही. युरोपीय संघात तर वेगवेगळे सार्वभौम देश आहेत. तिथेही १ जुलै २०२१ पासून अशी तरतूद आहे की संघातल्या इतर देशांत मिळून वर्षाला १० हजार युरोपर्यंत विक्री करणारा छोटा विक्रेता आपल्याच देशाचा कर लावू शकतो. आपला तर एक देश आहे, आणि कायदाही एक आहे.

नोंदणी घेतली की सगळे सुरळीत होते, असेही समजू नये. माझ्याकडे कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकणारे एक गृहस्थ आहेत. त्यांची नोंदणी पहिल्यापासून आहे. ऑनलाइन बाजारपेठ त्यांच्या विक्रीतून उगमस्थानीच काही टक्का कर कापून घेते. १ ऑक्टोबर २०१८ पासून तो १ टक्का होता, १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आहे. ही रक्कम त्यांच्याच खात्यात जमा होते, म्हणजे ती बुडत नाही. खरा उपयोग सरकारला माहितीचा होतो: कंपनी दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत कुणी किती विकले हे कळवते, आणि विक्रेत्याच्या विवरणपत्राशी ते आकडे ताडून पाहिले जातात.

हे आकडे जुळत नाहीत. ३१ ऑक्टोबरला रवाना झालेली चपलेची जोडी ६ नोव्हेंबरला 'माप लहान पडले' म्हणून परत येते. विक्रेत्याच्या बिलाची तारीख ३० ऑक्टोबर असते, कंपनीच्या हिशोबात रवानगीची तारीख धरलेली असते, आणि पैसे येतात तेव्हा परत आलेल्या जोडीची किंमत, कमिशन, वाहतूक आणि कापलेला कर हे सगळे वजा होऊन एकच रक्कम बँकेत जमा होते. त्या गृहस्थांना एका वर्षी ११,३४० रुपयांच्या तफावतीची नोटीस आली. मी आणि माझी सहकारी तीन दिवस ४१२ ऑर्डरी एकेक करून तपासत बसलो. शेवटी ९ ऑर्डरींमध्ये फरक सापडला, आणि त्या नऊही महिन्याच्या अखेरीस गेलेल्या आणि पुढच्या महिन्यात परत आलेल्या होत्या. एक पैसाही कर बुडालेला नव्हता. गृहस्थ रोज संध्याकाळी दुकान बंद करून येत आणि खुर्चीच्या कडेवर बसून विचारत, "काही निघालं का हो?" नोटीस शब्दाची भीती काय असते हे त्यांच्या आवाजात ऐकू येत असे. आम्ही उत्तर दिले आणि प्रकरण बंद झाले, पण ते तीन दिवस आणि त्यांची ती झोपमोड कुठल्याही हिशोबात येत नाही.

त्यांनी परराज्यातल्या गोदामात माल ठेवण्याचाही विचार केला होता, कारण तसे केले की ग्राहकाला चप्पल लवकर मिळते. भिवंडीत ठेवला तर महाराष्ट्राच्याच नोंदणीत एक जादा पत्ता जोडून भागते. हरियाणात किंवा कर्नाटकात ठेवायचा तर त्या राज्याची स्वतंत्र नोंदणी, स्वतंत्र विवरणपत्रे, आणि आपलाच माल आपल्याच दुसऱ्या गोदामात पाठवतानाही करपात्र पुरवठा मानून बिल करावे लागते. त्यांनी तो विचार सोडला. तो ग्राहकवर्ग आता मोठ्या विक्रेत्यांकडे जातो.

देशाबाहेरचा अनुभव याहून कडू होता. २०२३ साली जर्मनीतल्या एका मराठी कुटुंबाने याच चपलावाल्या गृहस्थांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून गणपतीच्या सुमारास दोन जोड चपला मागवल्या. किंमत साडेचार हजार रुपये, म्हणजे साधारण ५० युरो. निर्यातीवर आपल्याकडे कर शून्य आहे, त्यासाठीचे हमीपत्र आम्ही भरलेले होते, कागदपत्रे व्यवस्थित होती. पण युरोपात १ जुलै २०२१ पासून २२ युरोपर्यंतच्या पार्सलांना असलेली करमाफी रद्द झाली आहे. १५० युरोपर्यंतच्या मालासाठी विक्रीच्या वेळीच कर घेऊन एकाच ठिकाणी भरण्याची एक योजना तिथे आहे. भारतातल्या विक्रेत्याला मात्र त्यासाठी सहसा युरोपातला मध्यस्थ नेमावा लागतो, आणि वर्षाला पंधरा-वीस पार्सले पाठवणाऱ्या माणसाला ते परवडत नाही. त्यामुळे पार्सल दारात आले तेव्हा कुरिअरवाल्याने १९ टक्के मूल्यवर्धित कर आणि वर आपले हाताळणी शुल्क मागितले. ग्राहकाला याची कल्पना नव्हती. त्यांना फसवणुकीची शंका आली, त्यांनी पार्सल नाकारले आणि चपला दोन महिन्यांनी परत आल्या. इथे पुन्हा सीमाशुल्काच्या टेबलावर हा आपणच पाठवलेला माल परत आला आहे हे कागदोपत्री सिद्ध करावे लागले. मी खोका उघडला तेव्हा एका चपलेच्या पट्ट्याला बुरशी आली होती.

त्याच चपला एखाद्या मोठ्या जागतिक बाजारपेठेवरून घेतल्या असत्या तर कर खरेदीच्या वेळीच घेतला गेला असता आणि दारात कुणी काही मागितले नसते, कारण तिथे कर गोळा करण्याची जबाबदारी कायद्याने त्या बाजारपेठेवरच टाकली आहे. सरकारांच्या दृष्टीने हे सोयीचे आहे, हे मला मान्य आहे. लाखो विक्रेत्यांच्या मागे लागण्यापेक्षा काही कंपन्यांकडून वसुली करणे सोपे असते. आपल्याकडेही १ जानेवारी २०२२ पासून ॲपवरून मागवलेल्या उपाहारगृहातल्या जेवणावरचा कर ॲपची कंपनीच भरते. पण याचा अर्थ असा होतो की कराच्या गुंतागुंतीमुळेच छोटा विक्रेता स्वतःचे संकेतस्थळ सोडून कमिशन घेणाऱ्या मोठ्या दारात जाऊन उभा राहतो. करकायद्याने ही ढकलाढकली करू नये, असे माझे ठाम मत आहे.

उलट दिशेचेही एक उदाहरण सांगतो. परदेशातून ५ हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तू पूर्वी शुल्कमुक्त येत असत. परदेशी संकेतस्थळांवरून विकत घेतलेला माल 'भेट' म्हणून येऊ लागला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये ती वाट बंद झाली. अपवाद फक्त जीवरक्षक औषधे आणि राखी यांचा. राखी चालते, पण राखीसोबत पाठवलेली भेट चालत नाही, असे त्या आदेशातच स्पष्ट म्हटले आहे. अमेरिकेनेही २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी थांबवली. त्या सुमारास आपल्या टपाल खात्याला तिकडची बुकिंगे थांबवावी लागली आणि ती दिवाळीच्या तोंडावर, १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी फराळाच्या पार्सलांविषयी माझ्याकडे जितकी चौकशी झाली तितकी पूर्वी कधीच झाली नव्हती.

पुन्हा मावशींकडे येतो. त्यांना नोंदणी घ्यायला काय हरकत आहे, असे कुणीही विचारील. आम्ही दोघांनी बसून त्याचा हिशोब केला. समजा एक किलो मसाला ६०० रुपयांना जातो आणि त्यासाठी मिरची, खोबरे, धने असा ४०० रुपयांचा कच्चा माल लागतो. त्या मालावर ५ टक्क्यांनी २० रुपये कर मावशींनी आजही भरलेलाच आहे. नोंदणी नसल्यामुळे त्याची वजावट त्यांना मिळत नाही, एवढेच. नोंदणी घेतली तर ६०० वर ३० रुपये कर येईल, त्यातून २० वजा होतील, आणि सरकारला किलोमागे जास्तीचे १० रुपये मिळतील. वर्षाला ५० किलो मसाला परराज्यात गेला तर ५०० रुपये. पण नोंदणी झाली की महाराष्ट्रातल्या विक्रीवरही कर लागतो, कारण ४० लाखांची सूट नोंदणी नसलेल्यालाच आहे. आंतरराज्य विक्री करणाऱ्याला ठोक कराची कंपोझिशन योजनाही मिळत नाही. म्हणजे दर तिमाहीला विवरणपत्रे, बिलावर ग्राहकाच्या राज्याची नोंद, उशीर झाला तर विलंब शुल्क, आणि माझ्यासारख्याची फी. मी मावशींकडून फी घेणार नाही, हे वेगळे. पण प्रत्येक गावात प्रत्येक मावशीला फुकट करसल्लागार मिळणार नाही.

या सक्तीच्या बाजूने जे सांगितले जाते तेही मी ऐकले आहे. मर्यादा ठेवली तर एकाच घरातल्या चार जणांच्या नावावर विक्री वाटली जाईल, मालाचा माग राहणार नाही, उपभोगाच्या राज्याचा महसूल बुडेल. नोंदणीशिवाय थेट कुरिअरने पाठवल्या जाणाऱ्या मालाच्या बाबतीत या भीतीत तथ्य आहे. पण ऑनलाइन बाजारपेठेतून जाणाऱ्या मालाच्या बाबतीत नाही. तिथे विक्रेत्याचा पॅन नोंदवलेला आहे, प्रत्येक पार्सलचा पत्ता नोंदवलेला आहे, आणि कंपनी ही सगळी माहिती सरकारला कळवू शकते. सेवांना २० लाखांची सूट देताना जो विश्वास दाखवला, तोच बाजारपेठेतून विकल्या जाणाऱ्या मालाला दाखवायला आता कुठलीही तांत्रिक अडचण उरलेली नाही. शिवाय मावशी निपाणीला विकूच शकल्या नाहीत, तर कर्नाटकाला त्यातून मिळणारा महसूल शून्यच राहतो.

३ सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत अनेक राज्यांत ऑनलाइन विकणाऱ्या छोट्या पुरवठादारांसाठी सोप्या नोंदणीची कल्पना तत्त्वतः मान्य झाली. कमी जोखमीच्या अर्जदारांना तीन कामकाजाच्या दिवसांत नोंदणी देण्याचेही तेव्हाच ठरले. मी त्याचे मनापासून स्वागत करतो. पण नोंदणी लवकर मिळणे आणि नोंदणीची गरजच नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मावशींना दुसरी हवी आहे.

म्हणून मी परिषदेच्या सचिवालयाला आणि राज्याच्या कर विभागाला पाठवण्यासाठी एक निवेदन लिहायला घेतले आहे. मावशींनी अजून नोंदणी घेतलेली नाही. महाराष्ट्राबाहेरून जी मागणी फोनवर येते आणि नाकारावी लागते, ती त्यांनी एका दुरेघी वहीत लिहून ठेवावी असे मी सुचवले होते. तारीख, गाव, किती किलो, एवढेच. गेल्या आठवड्यात त्या वही घेऊन आल्या. पानांच्या कडांना तिखटाचे लाल डाग होते. त्यात बेळगाव आहे, फोंडा आहे, म्हापसा, बडोदे, इंदूर आहे, हुबळीच्या एका लष्करी जवानाच्या पत्नीची मागणी आहे. एकूण ६१ नोंदी झाल्या आहेत आणि पहिल्या पानावर सर्वांत वर लिहिले आहे: निपाणी, २ किलो, दिले नाही.